आलेखाची उभी पट्टी कुठून सुरू करायची?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



आकडेवारीचे सत्र म्हटले की निम्म्या जणींना झोप येते, हे मला ठाऊक आहे. त्यात ही जेवणानंतरची वेळ. म्हणून आधी माझी फजिती सांगते.

काही वर्षांपूर्वी एका सरकारी बैठकीसाठी मी आलेख तयार केला. विषय आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती? १९९१ च्या जनगणनेत ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. एक्सेलमध्ये तीन आकडे भरले, स्तंभालेख मागितला आणि समोर आले ते पाहून हरखलेच. तिसरा स्तंभ पहिल्याच्या निम्म्याहूनही बुटका! घसरण अगदी ठसठशीत दिसत होती. तसाच छापून नेला.

बैठकीत एका अधिकाऱ्यांनी कागद जवळ धरून विचारले, "बाई, मुली निम्म्या झाल्या म्हणता?" मी आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, "मग चित्र असे का?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. उभा अक्ष ८६० पासून सुरू झाला होता आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. स्तंभ पाहताना डोळा त्याची पायापासून उंची मोजतो. ८६० च्या वर ९४६ चे ८६ उरतात, ८९४ चे अवघे ३४. प्रत्यक्षातली घट साडेपाच टक्के. बैठकीचा उरलेला वेळ माझ्या चित्रावर गेला. मुली बाजूलाच राहिल्या.

तो अक्ष मी ठरवला नव्हता, संगणकाने ठरवला होता. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण एक-षष्ठांशापेक्षा कमी असला, की एक्सेल शून्य सोडून मधूनच सुरुवात करते. त्याला चौकट भरून दिसण्याशी मतलब. आकडे मुलींचे आहेत की कांद्याच्या भावाचे, त्याला काय कळणार?

घरी आल्यावर चिडून तोच आलेख शून्यापासून काढला. तिन्ही स्तंभ जवळजवळ सारखे! म्हणजे हेच चित्र पुढे करून 'विशेष बदल नाही' असे म्हणायला कुणीही मोकळे. शून्यापासून सुरुवात म्हणजे प्रामाणिकपणा, हे आपल्याला सांगतात ते अर्धेच खरे आहे. आपली तुलना शून्याशी नाहीच. जन्माच्या वेळी निसर्गतः साधारण १०५ मुलग्यांमागे १०० मुली असतात, म्हणजे हजारी सुमारे ९५०. जन्मावेळचे प्रमाण आणि शून्य ते सहाचे प्रमाण तंतोतंत एक नव्हे, पण खूण म्हणून ९५० चालते. आपण किती खाली आलो ते त्या खुणेपासून मोजायचे.

तेव्हा इथे स्तंभ नकोत, रेषालेख काढा. रेषेत डोळा उंचीपेक्षा उतार पाहतो, म्हणून तिथे शून्य सोडलेले चालते. मात्र पट्टी कुठून सुरू केली ते खाली ठळक लिहा आणि ९५० वर एक तुटक रेघ मारा. मी पट्टी ७८० ते १००० ठेवते. ७८० का? कारण बीड जिल्ह्याचा २०११ चा आकडा ८०७ आहे, तोही मावला पाहिजे.

बीडवरून मुद्दा निघालाच आहे तर सांगते, कारण इथे आपण सगळ्याच चुकतो. २००१ ते २०११ मध्ये राज्य ९१३ वरून ८९४ वर आले, १९ ने. बीड ८९४ वरून ८०७ वर, ८७ ने! पण प्रत्येक आलेखाची पट्टी संगणकावर सोडली तर दोन्ही रेघा शेजारी शेजारी जवळपास सारख्याच घसरलेल्या दिसतील. बीडमधल्या अनर्थाचे चित्र राज्याच्या चित्रासारखेच. म्हणून सर्व जिल्ह्यांना एकच पट्टी.

समुपदेशन केंद्रात महिन्याला किती जणी आल्या, असली मोजदाद असेल तर स्तंभ आणि शून्य, तिथे वाद नको. डावीकडे तक्रारींची एक पट्टी, उजवीकडे शिक्षांची दुसरी, असा दुहेरी अक्ष तर टाळाच. पट्ट्या हलवून त्यात हव्या त्या रेघा जुळवता येतात.

आता कृती. उभ्या अक्षावरच्या आकड्यांवर माऊसचे उजवे बटण दाबा, 'फॉरमॅट ॲक्सिस' निवडा, 'मिनिमम'मध्ये ७८० आणि 'मॅक्सिमम'मध्ये १००० टाका. एकदा टाकले की ते आपोआप बदलत नाही. पुढे एखाद्या जिल्ह्याचा आकडा ७८० च्याही खाली गेला, तर रेघ चौकटीबाहेर जाईल आणि पट्टी सगळ्यांचीच बदलावी लागेल. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही, म्हणून आज आपल्या हाती १९९१ पासूनचे तीनच बिंदू आहेत.

संगणक दोनच आहेत, तेव्हा पाळीपाळीने बसा. ज्यांनी आपल्या जिल्ह्याचे आकडे आणले नाहीत, त्यांनी बीडचे घ्या.