रात्री कोणाचं दार वाजवायचं?

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडची पोरं कॉलेजात जातात. पण अकरावी-बारावीचा अभ्यास असतो शाळेचाच. याच वयाच्या मुलांना खरोखरच पदवीच्या वर्गात बसवलं, आणि घरापासून दूर कॉलेजच्याच आवारात ठेवलं, तर? अमेरिकेत हे घडलं आहे, आणि विचारपूर्वक घडलं आहे.

एलिझाबेथ ब्लॉजेट हॉल कॉन्कर्ड अकॅडमी या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळेची शेवटची दोन वर्षं आणि कॉलेजची पहिली दोन वर्षं यांत पुष्कळसं तेच ते शिकवलं जातं, आणि हुशार मुलांचा त्यात जीव रमत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. मग १९६४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रेट बॅरिंग्टन गावी, आपल्या कुटुंबाच्या जमिनीवर, त्यांनी ‘सायमन्स रॉक’ हे कॉलेज स्थापन केलं. १९६६ साली पहिल्या विद्यार्थिनी आल्या. पुढे मुलग्यांनाही प्रवेश मिळाला, आणि १९७९ साली हे कॉलेज बार्ड कॉलेजचा भाग झालं.

लवकर कॉलेजात घालण्याचा प्रयोग त्याआधीही झाला होता. १९५१ साली फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून शिकागो, येल, कोलंबिया अशा विद्यापीठांनी शाळा पुरी न झालेली मुलं घेतली. पण ती मोठ्यांच्या कॉलेजात जाऊन बसली. हॉलबाईंनी सगळं कॉलेजच या कोवळ्या वयासाठी उभारलं. वर्ग लहान, चर्चेचे. पुढे नव्या मुलांचं पाऊल आधी पडे ते एका लेखन-शिबिरात. तिथे वाचायचं, लिहायचं, लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवायचं. आपल्यासारखं आणखी कोणी आहे, हे तिथे पहिल्यांदा कळे.

व्हर्जिनियातल्या स्टाँटन गावी, मेरी बाल्डविन या कॉलेजात, १९८५ पासून तेरा-चौदा वर्षांच्या मुलीही येऊ लागल्या. त्यांचं वसतिगृह वेगळं, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला तिथेच राहणारी मोठी माणसं. वर्गात या मुली मोठ्यांच्या बरोबरीच्या, पण संध्याकाळी त्या चौदा वर्षांच्याच असतात, हे तिथे कोणी विसरलं नाही.

मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. मुलाला भूक लागली की आपण पान वाढतो. अजून जेवायची वेळ झाली नाही, असं म्हणत नाही. ज्ञानाच्या भुकेचंही तसंच. पण पान वाढणाऱ्याने समोर बसायलाही हवं. पोर जेवलं का, घास का अडकला, हे बघायला हवं.

सायमन्स रॉकचं ग्रेट बॅरिंग्टनमधलं आवार २०२५ साली बंद झालं आणि कॉलेज न्यूयॉर्क राज्यात, बार्डच्या शेजारी गेलं. जागा बदलली, तरी त्या कॉलेजाने शिकवलेलं आपल्या कामाचं आहे. कारण लातूरला, पुण्याला आपलीही पंधरा-सोळा वर्षांची मुलं शिकायला घरापासून दूर राहतात. कुणी हॉस्टेलवर, कुणी कॉट बेसिसवर, मेसच्या डब्यावर. प्रवेश घेताना आपण फी विचारतो, निकाल विचारतो. पालकहो, यंदा आणखी एक गोष्ट विचारा. रात्री अकराला माझ्या लेकराला रडू आलं, तर त्याने कोणाचं दार वाजवायचं? उत्तरात एका माणसाचं नाव मिळालं, तरच त्याची ट्रंक तिथे उतरवा.