‘मॅच संपली की येतो’



29 जानेवारी 2019. दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये ‘परीक्षा पे चर्चा’ हा कार्यक्रम चालू होता. एका आईने पंतप्रधानांपुढे गाऱ्हाणं मांडलं. मुलगा आधी अभ्यासात चांगला होता, आता ऑनलाइन गेमच्या नादी लागलाय, काय करावं? त्यावर पंतप्रधानांनी विचारलं, हा पबजीवाला तर नाही ना? सभागृहात हशा पिकला. हसणाऱ्यांत विद्यार्थी होते, शिक्षक होते, पालकही होते. कुणालाही काही समजावून सांगावं लागलं नाही. ‘पबजी मोबाइल’ हा खेळ जगभर आला मार्च 2018 मध्ये. म्हणजे वर्ष पुरं व्हायच्या आतच एका खेळाचं नाव घराघरांतल्या भांडणाचं नाव होऊन बसलं होतं.

या भांडणाची जमीन मात्र आधीच तयार झाली होती. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट स्वस्त झालं. मग 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तास मोबाइलवर भरू लागले. ज्या घरांत दहावीपर्यंत मोबाइल मिळणार नाही असा नियम होता, तिथेही सातवीतल्या मुलाच्या हातात फोन आला. तो आई-वडिलांनीच, बऱ्याचदा हप्त्यांवर, घेऊन दिला. शाळा पुन्हा भरल्या, तेव्हा तो परत मागायचा कसा, हे कुणालाच ठरवता येईना.

आता जरा त्या खेळाकडेच पाहू. कारण तक्रार करणाऱ्या बहुतेक पालकांनी तो कधी पाच मिनिटंही नीट पाहिलेला नसतो.

पबजीत 100 खेळाडू विमानातून एका बेटावर पॅराशूटने उतरतात. उतरताना हात रिकामे. घरांत, गोदामांत शिरायचं आणि बंदुका, गोळ्या, औषधं गोळा करायची. मुलांच्या भाषेत याला लूट म्हणतात. इकडे बेटावरचं सुरक्षित वर्तुळ आकसत जातं, उरलेले खेळाडू एकमेकांसमोर येतात आणि शेवटपर्यंत टिकतो तो जिंकतो. पूर्ण डाव साधारण अर्ध्या तासाचा. चौघांचं स्क्वॉड करून खेळता येतं आणि चौघंही कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत असतात. यातला एक कांदिवलीत, एक नाशकात आणि एक आपल्याच सोसायटीच्या बी विंगमध्ये असू शकतो. गडी पडला तर सोबत्याने धावत येऊन त्याला रिवाइव्ह करायचं असतं.

या खेळाला पॉजचं बटण नाही.

रात्री साडेआठला स्वयंपाकघरातून हाक येते, पानं घेतली आहेत, जेवायला ये. मुलगा म्हणतो, दोन मिनिटं, मॅच संपली की येतो. आईला हा उद्धटपणा वाटतो. वर्तुळ लहान झालेलं असतं, वीसेक खेळाडू उरलेले असतात, तिघं सोबती त्याच्या भरवशावर असतात. तो मध्येच उठला तर ते तिघंच उरतात, त्याची रँक घसरते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शब्द ऐकावे लागतात ते वेगळेच. शेवटच्या ओव्हरला फलंदाजाला घरून हाक मारून बोलावण्यासारखं हे आहे. ‘दोन मिनिटं’ हे मात्र खोटंच असतं, ती दहा-बारा असतात. आई तिसऱ्यांदा हाक मारते, बाबा उठून वायफाय बंद करतात आणि मुलगा दार आपटतो. जेवण होतं, पण कुणी कुणाशी बोलत नाही.

मुलाची बाजू खरी म्हणून आईची खोटी ठरत नाही. डाव अर्ध्या तासाचा असला तरी संपल्याबरोबर पुढच्या डावाचं बटण समोर येतं. पहिल्या पाच मिनिटांत मेला तर चीड येते, म्हणून पुन्हा खेळतो. नव्वद गड्यांना मागे टाकून हरला तर आता जमेल असं वाटतं, म्हणून पुन्हा खेळतो. जिंकला तर विचारायलाच नको. बक्षीस कधी मिळेल हे नक्की माहीत नसलं की माणूस जास्त वेळ कळ दाबत राहतो, हे मानसशास्त्रात जुनं ज्ञान आहे. जुगाराची यंत्रं त्यावरच चालतात. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असं चढत जाणाऱ्या रँक, हंगाम संपला की त्यांची घसरण, रोज हजेरी लावल्याची बक्षिसं, हे सगळं जाणती, पगारी माणसं विचारपूर्वक आखतात. समोर असतो चौदा वर्षांचा मुलगा, स्वतःला आवर घालायची ज्याच्या मेंदूची क्षमता अजून घडतेच आहे. सामना बरोबरीचा नाही, एवढं पालकांनी आधी मान्य करावं. मग ‘तुला जराही कंट्रोल नाही का’ हे वाक्य तोंडातून कमी वेळा निघेल.

पैशाचा भाग तर अनेक पालकांच्या गावीही नसतो. खेळ फुकट असतो, पण आतले कपडे, बंदुकांचे रंग, रॉयल पास यांना पैसे पडतात. पबजीत त्यासाठी यूसी नावाचं नाणं, फ्री फायर या तशाच दुसऱ्या खेळात डायमंड. नाणं खेळातलं असल्यामुळे खरे रुपये गेल्याची जाणीव बोथट होते. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबईच्या उपनगरातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातले सुमारे 10 लाख रुपये पबजीवर घालवले. घरी कळल्यावर बोलणी बसली, तेव्हा तो चिठ्ठी लिहून निघून गेला. पोलिसांनी शोधून त्याला सुखरूप घरी आणलं. एवढी रक्कम विरळा, पण दीड-दोन हजार रुपये असे गेलेली घरं शोधायला लांब जावं लागणार नाही. आणि दोष फक्त मुलांच्या माथी मारता येत नाही. ‘फोर्टनाइट’ हा खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्स कंपनीने डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाशी 52 कोटी डॉलर भरून तडजोड केली. त्यातले 24.5 कोटी ग्राहकांना परतावा म्हणून द्यायचे होते. नकळत खरेदी होईल अशी बटणांची मांडणी, हा त्यातला एक आरोप होता.

मग बंदीच घाला, असं कुणीही म्हणेल. घालून पाहिली आहे. मार्च 2019 मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजीवर बंदी आणली आणि काही दिवसांत दहा तरुणांना पकडलंही. खेळण्यात ते इतके गुंग होते की पोलीस जवळ आल्याचंही त्यांना कळलं नाही, असं पोलिसांनीच सांगितलं. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारने सुरक्षेच्या कारणावरून 118 ॲप बंद केली, त्यात पबजी होतं. पोरं फ्री फायरकडे वळली. पबजी नाव बदलून जुलै 2021 मध्ये ‘बीजीएमआय’ म्हणून परत आलं. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर गेलं, जुलैमध्ये बीजीएमआय गेलं आणि मे 2023 मध्ये ते पुन्हा आलं, या वेळी 18 वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून. वय विचारलं की मुलं काय जन्मसाल टाकतात, हे सांगायला नको.

दक्षिण कोरियाने 2011 मध्ये 16 वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळांची दारं बंद केली. मुलं आई-वडिलांच्या ओळखक्रमांकाने आत शिरू लागली. 2022 उजाडताच तो कायदा गेला. चीनने 2021 मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ठेवला. मुलाच्या खेळण्याचं वेळापत्रक थेट सरकारने ठरवावं, हे आपल्याकडे कुणाला रुचेल असं वाटत नाही. आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन खेळांचा नवा कायदा झाला, पण त्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. ‘सरकारने गेम बंद केले’ असं समजून जे पालक निर्धास्त झाले, त्यांनी आतल्या खोलीत एकदा डोकावून पाहावं.

मुलगा फार खेळतो म्हणजे तो आजारी, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात 1 जानेवारी 2022 पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ ची नोंद आहे. तिच्यात तासांचा आकडाच नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होतो आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं, असं साधारण वर्षभर चाललं आणि त्यामुळे घर, शाळा, मैत्री यांचा विचका झाला, तर तो विकार. म्हणून दिवसाला दोन तास खेळणारा, पण वेळेवर झोपणारा, संध्याकाळी खाली फुटबॉल खेळणारा मुलगा आणि रात्री तीनपर्यंत जागून सकाळी शाळा बुडवणारा मुलगा यांना एकाच तागडीत तोलू नये. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 2014 पासून स्वतंत्र क्लिनिक चालतं. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या, 1986 पासून व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्थेकडेही मोबाइलपायी हैराण झालेली कुटुंबं येतात. तिथवर जायची वेळ थोड्यांवरच येते.

पालकांची भीती कधीकधी भलत्याच जागी असते. 2017 मध्ये ‘ब्लू व्हेल’ या जीवघेण्या म्हणवल्या गेलेल्या ऑनलाइन खेळाच्या बातम्यांनी मुंबईपासून खेड्यापाड्यापर्यंत आई-बाप हादरले होते, शाळांनी सूचना काढल्या होत्या. सरकारने नेमलेल्या समितीला मात्र त्या खेळामुळे एकही मृत्यू झाल्याचं सिद्ध करता आलं नाही. बंदुकीच्या खेळांनी मुलं हिंसक होतात, हा दुसरा धसका. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2019 मध्ये हजारभर ब्रिटिश किशोरांच्या पाहणीत तसा संबंध सापडला नसल्याचं नोंदवलं. भीती धरायचीच तर ती बुडणाऱ्या झोपेची धरावी.

आता मुलांच्या मोबाइलला आवर घालू पाहणारी महाराष्ट्रातलीच दोन गावं पाहा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातलं बान्सी. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी करणारा ठराव केला. हेतू चांगला होता, पण नियम फक्त मुलांना.

दुसरं गाव सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. करोनानंतर शाळा सुरू झाल्या, तरी मुलांचं लक्ष मोबाइल आणि टीव्हीतून निघेना. सरपंच विजय मोहिते यांनी विषय गावापुढे मांडला आणि 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास घरातले मोबाइल बंद, टीव्ही बंद. साडेआठला पुन्हा भोंगा, मग मोकळीक. सुरुवातीला काही पुरुषांनी हसण्यावारी नेलं. ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा, अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या, तेव्हा घडी बसली. या गावाने केलेली खरी युक्ती भोंग्यात नाही. सातला मुलाचा गेम थांबतो, त्याच वेळी आजीची मालिका आणि बापाचं व्हॉट्सॲपही थांबतं. ‘मलाच का?’ हा मुलांचा हुकमी प्रश्न तिथे उरतच नाही. शिवाय वेळ आधी ठाऊक असल्यामुळे कुणी पावणेसातला नवा डाव मांडत बसत नाही.

शहरातल्या फ्लॅटमध्ये भोंगा लावता येणार नाही, पण वडगावची रीत उचलता येईल. वेळ मिनिटांत न मोजता डावांत मोजावा: जेवणाआधी दोन मॅच आणि दुसरी साडेआठच्या आत संपणारी. ठरवताना मुलाला समोर बसवावं, किती वेळाची मॅच असते ते त्यालाच विचारावं. कबूल केलेली मॅच चालू असेल तर हाक मारू नये. ती संपल्यावर मात्र तिसरीसाठीची गयावया ऐकून घेऊ नये, यात आजी-आजोबांनीही फितुरी करू नये. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, बाबांचासुद्धा. यूपीआयचा पिन आणि कार्डाचा नंबर मुलाच्या फोनमध्ये साठवून ठेवू नये. आणि एखाद्या रविवारी त्याच्या शेजारी बसून एक डाव स्वतः खेळावा. पहिल्या दोन मिनिटांत मरण ठरलेलंच आहे. मुलगा हसेल, मग शिकवू लागेल. तो कुणाकुणाशी खेळतो, अनोळखी माणसं स्क्वॉडमध्ये येतात का, तिथे काय भाषा चालते, हे शंभर चौकशांतून कळत नाही ते त्या अर्ध्या तासात कळतं.

एवढं करूनही मुलगा झोपेनासा झाला, मित्रांना भेटेनासा झाला, शाळेचं नाव काढलं की अंगावर येऊ लागला किंवा जगण्याचाच कंटाळा आल्याचं बोलू लागला, तर नातेवाइकांच्या सल्ल्यात महिने घालवू नका. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. क्रमांक आहे 14416. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. फोन मुलानेच करायला हवा असं नाही, आई-वडिलांनी केला तरी चालतो.