अतिसारात पाणी हेच पहिले औषध



मृगाचा पाऊस लागला, की सांगे-सत्तरीच्या डोंगरपायथ्यापासून पेडणे-काणकोणच्या किनाऱ्यापर्यंत साऱ्या गोव्याचे रूप पालटते. शेते भरतात, ओहोळ वाहू लागतात. परंतु त्याच पाण्याबरोबर अंगणातील व शेतातील घाण विहिरींकडे वाहत जाते, माश्या वाढतात, आणि घराघरांत मुलांचे पोट बिघडू लागते. जुलाब, म्हणजेच अतिसार, हा आजार इतका परिचयाचा आहे, की पुष्कळ घरी त्याला आजार मानलेच जात नाही. 'दात येत आहेत, म्हणून होतात,' असे म्हणून दोन दिवस दवडले जातात. या परिचयातच खरा धोका दडलेला आहे.

अशा वेळी कोणत्याही खेड्यातील घरात दिसणारे दृश्य पाहावे. वर्षाच्या मुलाला सकाळपासून सहा-सात जुलाब झालेले असतात. ते रडून पाणी मागते. आई भांडे हाती घेते, तोच आजी मायेने म्हणते, "पाणी नको गं देऊ त्याला, आणखी जुलाब होतील." दूध बंद होते, पेज बंद होते. आजीचा हेतू शुद्ध असतो. तिच्या लहानपणापासून तिने हेच ऐकलेले असते. तथापि मुलाच्या जिवाला खरा अपाय होतो तो याच उपायाने.

याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. अतिसारात मूल दगावते ते बहुधा जुलाबामुळे नव्हे, तर जुलाबावाटे शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून अर्धा लिटर पाणी गेले, की शोष पडल्याची लक्षणे दिसू लागतात. एक लिटर गेले, तर प्राणावर बेतते. फुटक्या घागरीत पाणी ओतणे थांबविल्याने घागरीचे छिद्र बुजत नाही. ती केवळ लवकर रिकामी होते. पाणी तोडलेल्या मुलाची स्थिती तशीच होते.

पूर्वी यावर शिरेतून सलाईन देणे हाच खात्रीचा उपाय समजला जाई. त्यासाठी इस्पितळ, सुई, बाटली आणि शिकलेला हात लागतो. तोंडावाटे दिलेले पाणी तेच काम करू शकते, याची मोठी प्रचीती १९७१ साली आली. पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते, आणि सीमेवरील बनगाव येथे पटकीची साथ भडकली होती. रुग्णांना खाटा पुरेनात, सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांची मोजून पुडकी तयार करविली आणि ते मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. आई मुलाला पाजू लागली, भाऊ भावाला. जेथे मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास गेले होते, तेथे ते शेकडा ४ च्या आत आले. १९७८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने या उपचाराचा जगभर पुरस्कार केला. डॉ. महालनबीस यांचे २०२२ साली निधन झाले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण हा सन्मान देण्यात आला.

या उपचारामागील तत्त्व सोपे आहे. आजारी आतडे नुसते मीठ नीट शोषून घेऊ शकत नाही. परंतु मिठाबरोबर योग्य प्रमाणात साखर असली, की दोन्ही जोडीने आत घेतली जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात जाते. जुलाब चालू असतानाही आतड्याची ही वाट बहुधा उघडी राहते. म्हणून प्रमाणाला महत्त्व आहे. साखर जास्त झाली, तर ती उलट पाणी आतड्यात ओढते व जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले, तर लहान मुलाला ते घातक ठरते.

आरोग्य केंद्रात व आशा कार्यकर्तीकडे 'ओआरएस'ची पुडी मिळते. एक लिटर पाण्यासाठी असलेली पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी विरघळवावी. अर्धी पुडी अर्ध्या अंदाजाने वापरू नये, दुधात वा सरबतात घालू नये, वरून साखर टाकू नये. केलेले पाणी झाकून ठेवावे आणि २४ तासांनंतर उरल्यास टाकून द्यावे. पुडी हाताशी नसेल, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. पाजण्यापूर्वी चव घ्यावी. ते डोळ्यांतील आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. दुकानातील गोड शीतपेये या कामी निरुपयोगी, किंबहुना अपायकारक आहेत. अशा काही पेयांवर 'ओआरएस' ही अक्षरे छापली जात असत. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यास मनाई केली. पुडी घेताना तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप, आणि त्याहून मोठ्यांना मागतील तितके पाणी द्यावे. लहानग्याला ते चमच्याने, थोडे थोडे पाजावे. उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्यावा. 'पाजलेले सारे बाहेर पडते,' असे वाटून पुष्कळदा धीर सोडला जातो. परंतु बरेचसे पाणी पोटात राहिलेले असते.

याच्या जोडीला अन्नही चालू ठेवावे. अंगावर पिणाऱ्या मुलाचे दूध एक वेळही तोडू नये. मोठ्या मुलाला किंचित मीठ घातलेली तांदळाची पेज, मऊ भात, वरणाचे पाणी, ताक, केळे द्यावे. गोमंतकीय घरातील पेज ही अशा वेळी खऱ्या अर्थाने पथ्याची आहे. त्याचबरोबर आरोग्य केंद्रातून मिळणारी जस्ताची गोळी १४ दिवस द्यावी: सहा महिन्यांवरील मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या अर्भकाला १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले, तरी गोळी मध्येच सोडू नये. तिच्यामुळे पुढील काही महिने पुन्हा जुलाब होण्याचा संभव कमी होतो. जुलाब बांधणारी औषधे मुलांना देऊ नयेत. पाण्यासारख्या साध्या जुलाबात प्रतिजैविकांचाही उपयोग नसतो.

तरीही सर्व उपचार घरीच करावेत, असा याचा अर्थ नाही. मूल सुस्त पडले, पाणी पिईनासे झाले, डोळे खोल गेले, बराच वेळ लघवी झाली नाही, पोटाच्या त्वचेची चिमूट घेऊन सोडली असता ती सावकाश पूर्ववत होऊ लागली, शौचात रक्त दिसले, पिवळी वा हिरवी उलटी झाली किंवा ताप चढला, तर विलंब न करता इस्पितळ गाठावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि वाटेतही, मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर, चमच्याने पाणी देत राहावे. दोन महिन्यांखालील अर्भकाच्या व वृद्धांच्या बाबतीत अधिक तत्परता दाखवावी.

आजार येऊच नये यासाठीही पुष्कळ करता येते. शौचानंतर व अन्नाला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुणे, पाणी उकळणे व ते लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढणे, ही घराची कामे. विहिरीच्या पाण्यात दर हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर घालणे व निदान तासभर ते पाणी न वापरणे, हे पंचायतीने नियमाने करावयाचे काम. रोटाव्हायरसवरील लस राष्ट्रीय लसीकरणात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली असून ती सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात देतात. ती चुकवू नये.

शिक्षकांकडे यातील एक मोठे कार्य आहे. एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ: एवढे प्रात्यक्षिक शाळेच्या एका तासात करून दाखविता येते. ते पाहिलेली मुलगी घरी जाऊन आपल्या धाकट्या भावाला पाणी पाजेल, आणि आजीलाही समजावून सांगेल. मायेने पाणी तोडणारी तीच आजी मग मायेने वाटी-चमचा घेऊन नातवाच्या उशाशी बसेल. त्या दिवशी त्या घरातील मुलाला अतिसाराचे भय फारसे उरणार नाही.