बिन आणि कोम

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं एक गोष्ट वारंवार सांगितली जात असे. माढें तालुक्यांत, सीना नदीच्या कांठच्या एका गांवीं, आमचे पूर्वज दोघे भाऊ शेती करीत. इ. स. १८७६ सालीं पाऊस गेला, मोठा दुष्काळ पडला आणि त्यांत थोरला भाऊ दगावला. धाकट्यानें बैल विकले, पण जमीन राखली. त्या धाकट्याचे आम्ही वंशज. ही गोष्ट कागदोपत्रीं पडताळून पाहावी, एवढ्याच हेतूनें मीं घराण्याचा शोध सुरू केला. गोष्ट खोटी ठरली नाहीं. पण ती अर्धीच होती. उरलेली अर्धी आज आपणांस सांगावयाची आहे.

राजेरजवाड्यांना बखरी असतात, इनामदारांना सनदा असतात. साध्या शेतकऱ्याचें नांव कागदावर येतें तें मुख्यतः तीन प्रसंगीं: सारा ठरतांना, कर्ज काढतांना आणि मेल्यावर. त्याचा इतिहास शोधावयाचा तर या तीन दारांनींच आंत शिरावें लागतें.

पहिलें दार साऱ्याचें. इ. स. १८१८ सालीं सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हातीं गेला. पुढें गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनीं इंदापूर तालुक्यांत जमिनीच्या नव्या मोजणीस आरंभ केला, आणि १८४० च्या सुमारास ती पद्धत आपल्या जिल्ह्यांत आली. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, बांधावर दगड बसले, आकार तीस वर्षांपुरता कायम झाला. टिपण, आकारबंद हीं त्या पद्धतीचीं कागदपत्रें भूमि-अभिलेख कार्यालयांत आजहि पाहावयास मिळतात. परंतु सरकारला शेतामागें सारा भरणारा एक असामी हवा होता. घरांत भाऊ किती, पुतणे किती, याच्याशीं त्याला कर्तव्य नव्हतें. म्हणून एक नांव दिसलें म्हणजे एकच माणूस होता, असें समजूं नये. त्या नांवामागें एक आख्खें घर उभें असतें.

हीं नांवें वाचण्याचीहि एक रीत आहे. ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकाचा मुलगा अमुक. आडनांव बहुधा नसतेंच. त्यांतून आजोबांचें नांव नातवाला ठेवण्याची आपली चाल. त्यामुळें एका आड एक पिढीला तेंच नांव येतें आणि वाचणारा फसतो. मीं स्वतः आजा आणि नातू यांना एकच समजून सहा महिने फुकट घालविले. लिपि मोडी, आणि साल पुष्कळदां फसली किंवा शकाचें. शकांत ७८ व फसलींत ५९० मिळविले कीं इसवी सन साधारणपणें हातीं येतो. शिवाय आपलें गांव त्या काळीं कोणाच्या अमलाखालीं होतें, हेंहि आधीं पाहावें. पंढरपूर, सांगोलें, माळशिरस हे तालुके पूर्वीं साताऱ्याकडे होते. मंगळवेढें सांगली संस्थानांत, तर अक्कलकोट स्वतंत्र संस्थान. बार्शीच्या पलीकडे निजामाचा मुलूख. कागद जिल्ह्याच्या आजच्या सीमा पाहून ठेवलेले नाहींत.

दुसरें दार कर्जाचें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला, कर्जरोखे जाळले, आणि तें लोण नगर जिल्ह्यांत पोंचलें. त्यांतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा जन्मास आला. पुणें, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. शेतकऱ्याचे रोखे गांवच्या नोंदणी-कामगारासमोर लिहिले जावेत, असा त्यांत निर्बंध होता. सावकाराच्या कपटाला आळा घालण्यासाठीं केलेली ही तजवीज वंशावळ शोधणाऱ्याला वरदान ठरली आहे.

आमच्या माळ्यावरील पेटींत १८८३ सालचें एक गहाणखत निघालें. लिहून देणार दोघे. पहिला आमचा पूर्वज. त्याच्या नांवाखालीं नांगराची निशाणी. दुसरें नांव एका स्त्रीचें होतें आणि त्याच्यापुढें होतें ‘कोम’. कोम म्हणजे बायको. त्यापुढें थोरल्या भावाचें नांव, मयत म्हणून. खालीं बांगडीची निशाणी.

श्रोतेहो, ती बांगडी पाहून मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलों. आमच्या गोष्टींत थोरला भाऊ होता, त्याचा मृत्यु होता, बैल होते. त्याच्या बायकोचा उच्चार कोणीं कधीं केला नव्हता.

तिसरें दार मृत्यूचें. १९०३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणी सुरू झाली. आज ज्याला आपण सात-बारा व फेरफार म्हणतों, त्याचें मूळ तेथें आहे. खातेदार मेला कीं वारस कोण, हें फेरफाराच्या वहींत लिहिलें जातें. आमच्या गांवची पहिली नोंद १९१० च्या सुमाराची. तींत सगळा नंबर एकट्या धाकट्या भावाच्या नांवें आहे. तिचें नांव नाहीं. विक्रीखत नाहीं, सोडचिठ्ठी नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ती मेली असेल, किंवा तिनें पाट लावला असेल. पुनर्विवाह केलेल्या विधवेचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क १८५६ च्या कायद्यानें जात असे. कुटुंब एकत्र असेल तर विधवेला पोटगीपलीकडे कांहीं मिळत नसे. वांटणी झालेली असेल तर मात्र पतीची जमीन तिच्या हयातीपर्यंत तिच्याकडे राही. सावकारानें गहाणखतावर तिची निशाणी घेतली, ती कांहीं हौसेनें नव्हे. तिचा हक्क त्यानें ओळखला होता.

येथें परदेशांतील एक उदाहरण आठवतें. अमेरिकेंत १८५० पासून खानेसुमारींत घरांतील प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव लिहूं लागले. दक्षिणेकडील शेतकऱ्यांचे वंशज त्या आधारानें आपलीं घराणीं शोधतात. परंतु त्याच शेतांवर राबणाऱ्या गुलामांच्या यादींत बहुधा फक्त वय, लिंग आणि वर्ण, नांव मालकाचें. त्यांच्या वंशजांना १८७० च्या खानेसुमारीच्या मागें जातांना भिंत लागते. आपल्याकडे १८७२ व १८८१ च्या खानेसुमारींतले घरोघरचे तक्ते जपलेलेच नाहींत. सोलापूर जिल्ह्याची वस्ती त्या नऊ वर्षांत घटली, एवढें त्या सांगतात. कोण गेलें, तें सांगत नाहींत.

मग मीं सरकारी दप्तर सोडलें. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण भागांत बैलावर बसून हेळवी येत. सुगीनंतर यावें, घराण्याची वंशावळ म्हणून दाखवावी, धान्य न्यावें, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. एका हेळव्याच्या वहींत आमची शाखा मिळाली; थोरल्याची जागा रिकामी होती. शेवटीं नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलों. त्यांच्या वह्या गांववार असतात, आणि श्राद्धांत आई, आजी, पणजी यांचाहि उच्चार करावा लागत असल्यानें तेथें स्त्रियांचीं नांवें सांपडण्याचा संभव अधिक. शके १८३३, म्हणजे १९११ सालची एक नोंद निघाली. तेंच नांव, तोच ‘कोम’. राहणार म्हणून गांव आमचें नव्हे, तिच्या माहेरचें. खालीं एक ओळ: मुलगी एक, आणि ती दिल्याचें गांव.

म्हणजे ती जिवंत होती, थोरल्याचीच विधवा होती, आणि आमच्या शेतांतून व आमच्या गोष्टींतून ती एकदमच नाहींशी झाली होती. तिला कोणीं घालविलें, कीं ती आपण होऊन गेली, याविषयीं कागद गप्प आहेत. परंतु जी जमीन आमच्या पणजोबांच्या वडिलांनीं ‘राखली’, तींत तिचा वांटा होता, एवढें त्या बांगडीनें मला सांगितलें.

आज विधवेचें व मुलीचें नांव वारसनोंदींतून असें गळूं देतां येत नाहीं. १९३७ च्या व १९५६ च्या कायद्यांनीं, पुढें महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि देशभर २००५ सालीं झालेल्या दुरुस्त्यांनीं तो हक्क पायरीपायरीनें वाढला. तरीहि बहिणींकडून हक्कसोड लिहून घेणारीं घरें आपणां सर्वांच्या ओळखीचीं आहेत.

२०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि कुणबी नोंदींसाठीं जुनीं दप्तरें उघडलीं. तेव्हांपासून पुष्कळ घरांतील मंडळी मोडी वाचणाऱ्यांकडे जाऊं लागली आहेत. त्यांना माझी एकच विनंति आहे. ‘बिन’ शोधतांना ‘कोम’ वगळूं नका. आणि कार्यालयांत जाण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध बाईजवळ बसा. कोण कोठें दिली आणि कोण परत आली, हें तिच्याइतकें कोणासहि ठाऊक नसतें.

मुलगी दिल्याच्या गांवीं मी गेलों होतों. तिचे पणतू तेथें आहेत. आमच्याविषयीं त्यांना कांहीं माहीत नव्हतें. गहाणखताची प्रत मीं त्यांच्या हातीं दिली. त्यांच्या घरांतील एका म्हाताऱ्या आजीनें त्या निशाणीवरून बोट फिरविलें आणि विचारलें, “हिचं नांव काय होतं?” तें मीं सांगितलें. आमच्या वंशावळींत आतां तें थोरल्या भावाशेजारीं लिहिलें आहे, आणि त्याखालीं तिच्या मुलीचें.