भावाला भेटावयाचे तर बर्लिनला

परदेशी शिकत असलेल्या भावाला किंवा बहिणीला भेटावयास जावे, तिच्या सोबतीने युरोपातील दोनचार शहरे पाहावीत आणि परतताना थोड्या भेटवस्तू व पुष्कळ आठवणी घेऊन यावे, ही गोष्ट आज हैदराबादसारख्या शहरात नवलाची राहिलेली नाही. शमशाबादच्या विमानतळावर अशा भेटीस निघालेली माणसे रोज दिसतात. पोचवावयास आलेली आई लोणच्याची बरणी सामानात नीट ठेवली ना, असे पुन्हा पुन्हा विचारीत असते. तिच्या काळजीला एक मर्यादा असते; कारण भेटीस निघालेला परत येणार आहे, आणि शिकावयास गेलेलाही सुटीत घरी येऊन जाणार आहे, हे तिला ठाऊक असते.

याच हैदराबादेत शंभर वर्षांपूर्वी एक कुटुंब असे होते की, त्यातील धाकट्या भावंडांना आपला थोरला भाऊ पाहावयाचा असेल तर युरोपात जाण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. ते कुटुंब म्हणजे डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांचे.

अघोरनाथ मूळचे बंगालचे. एडिंबरो विद्यापीठातून विज्ञानाची उच्च पदवी मिळवून ते निजामाच्या राज्यात आले, आणि पुढे ज्याचे निजाम कॉलेज झाले त्या विद्यालयाचा पाया त्यांनी घातला. माणूस विद्वान, तसाच निर्भीड. चांदा रेल्वेच्या योजनेवरून १८८३ मध्ये हैदराबादेत जे आंदोलन झाले, त्यात पडल्याबद्दल त्यांना काही काळ राज्याबाहेर घालविण्यात आले होते. हा चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर. त्यांच्या घरी पंडित, मौलवी, कवी आणि किमयेच्या नादी लागलेले फकीर या सर्वांना सारखाच मुक्तद्वार प्रवेश असे. मुले आठ. इंग्रजी बोलावयास नकार दिला म्हणून थोरली कन्या सरोजिनी हिला नवव्या वर्षी दिवसभर एका खोलीत एकटीला कोंडून ठेवण्यात आले होते, आणि ती बाहेर पडली ती त्या भाषेवर स्वार होऊनच, ही हकीकत तिने स्वतःच पुढे लिहून ठेविली आहे.

या घरातून शिक्षणासाठी युरोपात प्रथम गेली ती हीच कन्या. १८९५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, निजाम सरकारची शिष्यवृत्ती घेऊन ती इंग्लंडला निघाली. लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि नंतर केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात तिने अभ्यास केला. प्रकृती साथ देईना, तेव्हा मध्यंतरी ती इटलीत जाऊन राहिली. तेथील उन्हाने आणि चित्रांनी तिचे कविमन भारून गेले. १८९८ च्या सप्टेंबरात ती हैदराबादेस परतली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॉ. गोविंदराजुलू नायडू यांच्याशी तिचा विवाह झाला. सरोजिनीबाईंनी पाहिलेला हा युरोप परत येणाऱ्या माणसाने पाहिलेला युरोप होता. पाहिलेले सारे घरी येऊन सांगावयाचे आहे, या भरवशावरच परदेशातील सौंदर्य गोड लागत असते.

त्यांच्या पाठचा भाऊ वीरेंद्रनाथ. जन्म १८८० चा. १९०२ मध्ये तोही इंग्लंडला गेला. हेतू असा की, सनदी नोकरीची परीक्षा द्यावी. परीक्षेत यश आले नाही, म्हणून त्याने बॅरिस्टरीचा अभ्यास धरला. लंडनमधील इंडिया हाउस या वसतिगृहात त्या वेळी विनायकराव सावरकरांभोवती तरुणांचा मेळावा जमत असे. वीरेंद्रनाथ त्यात ओढला गेला. १९०९ च्या जुलैमध्ये मदनलाल धिंग्राने कर्झन वायली यांस ठार केले, आणि लंडनमधील हिंदी लोकांच्या निषेधसभेत सावरकरांनी एकट्याने विरोध नोंदविला. या प्रकरणी वीरेंद्रनाथाने ‘टाइम्स’मध्ये सावरकरांच्या बाजूने पत्र लिहिले. त्याचे फळ ताबडतोब मिळाले. मिडल टेंपल या कायद्याच्या संस्थेतून त्याचे नाव काढून टाकण्यात आले. शिक्षण तेथेच संपले.

१९१० मध्ये तो पॅरिसला गेला व मादाम कामांच्या बरोबर काम करू लागला. १९१४ च्या वसंतात भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी म्हणून त्याने जर्मनीतील हाले येथील विद्यापीठ गाठले. महायुद्ध पेटताच बर्लिनमध्ये हिंदी क्रांतिकारकांची जी समिती स्थापन झाली, तिचा तो प्रमुख आधारस्तंभ ठरला. आता घराचा रस्ता पुरता बंद झाला. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर पाऊल ठेवताच अटक होणार, हे उघड होते. १९१५ च्या जानेवारीत अघोरनाथांचा मृत्यू झाला. अंत्यदर्शनास थोरला मुलगा नव्हता. येऊ शकतच नव्हता.

येथे भावंडांच्या वयांचा हिशेब करून पाहावा. वीरेंद्रनाथ घरातून निघाला तेव्हा धाकटा भाऊ हरींद्रनाथ जेमतेम चार वर्षांचा होता. सर्वांत धाकटी सुहासिनी, तिचा तर जन्मच त्या सुमाराचा. म्हणजे या दोघांना थोरला भाऊ ठाऊक होता तो घरातल्या बोलण्यातून. अनेक भाषा अस्खलित बोलणारा, हसतमुख, हट्टी, आणि ज्याच्यामुळे घराकडे सरकारचे लक्ष असते असा कोणी एक ‘दादा’. त्याचे रूप, त्याचा आवाज, त्याची चालण्याची ढब यांतले काहीच त्यांना आठवत नव्हते. जगात भावंडे दुरावतात ती बहुधा एकत्र वाढल्यावर दुरावतात. येथे आधी वियोग होता आणि ओळख नंतर व्हावयाची होती.

ती ओळख झाली बर्लिनमध्ये, पहिले महायुद्ध संपल्यानंतरच्या काही वर्षांत. हरींद्रनाथ तोपर्यंत कवी म्हणून गाजू लागले होते. ते केंब्रिजला अभ्यासासाठी गेले. त्यांच्या पत्नी कमलादेवी यांनी लंडनमध्ये समाजशास्त्राचा अभ्यास आरंभिला. युरोपचा प्रवास करताना हे दांपत्य बर्लिनला आले, आणि दोघा भावांची गाठ पडली. सुहासिनीबाईही शिक्षणासाठी इंग्लंडला येऊन पुढे पती ए. सी. एन. नंबियार यांच्यासह बर्लिनमध्ये राहू लागल्या. हैदराबादच्या घरातील माणसे अशी स्प्रे नदीच्या काठी एकमेकांना भेटत होती.

त्या काळचे बर्लिन हे पाहण्यासारखेच शहर होते. युद्ध हरलेले, भुकेलेले, आणि तरीही नाटक, संगीत व चित्रकला यांनी ओसंडणारे. १९१९ मध्ये माक्स राइनहार्ट यांनी तेथे हजारो प्रेक्षक मावतील असे प्रचंड नाट्यगृह उघडले होते. १९२१ मध्ये रवींद्रनाथांचे व्याख्यान ऐकण्यासाठी विद्यापीठात एवढी झुंबड उडाली होती की, सभागृह अपुरे पडले. मार्काची किंमत मात्र दिवसागणिक घसरत होती. १९२३ च्या नोव्हेंबरात एका अमेरिकन डॉलरला ४,२०,००० कोटी मार्क पडू लागले. जर्मन मध्यमवर्गाची आयुष्यभराची शिल्लक एका पावाच्या किमतीला आली. उलट, ज्याच्या खिशात पौंड किंवा रुपये होते त्या परक्या विद्यार्थ्याला तेथे स्वस्तात राहता येई. हिंदी विद्यार्थी जर्मनीकडे वळले त्यास हे एक कारण. दुसरे असे की, रसायन आणि यंत्रविद्या यांचे तेथील शिक्षण नावाजलेले होते, आणि त्या भूमीवर इंग्रजाची सत्ता नव्हती.

या विद्यार्थ्यांना वाट दाखविण्याचे काम वीरेंद्रनाथ करीत असत. ज्याचे स्वतःचे शिक्षण अर्ध्यावर तुटले, तो इतरांना कोणत्या विद्यालयात जावे, कोठे उतरावे, कोणास भेटावे, हे सांगत बसे. त्यांची त्या वेळची सहचरी म्हणजे अमेरिकन लेखिका ॲग्नेस स्मेडली. घरात पैसा नाही. पाहुणे मात्र नित्य. जन्माने हैदराबादचे, आणि पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झालेले झाकिर हुसेन त्या वर्षांत बर्लिनमध्ये शिकत होते. सुहासिनीबाईंच्या घरी जमणाऱ्या मंडळींतच त्यांची गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन यहुदी तरुणीशी ओळख झाली असे सांगतात. याच गेर्डाबाई पुढे दिल्लीस येऊन जामिया मिल्लियाच्या मुलांसाठी आयुष्य वेचत्या झाल्या. चहाच्या एका पेल्याभोवती जुळलेली नाती कोठवर पोचतात, याचा हा एक दाखला.

या भेटींतून प्रत्येकाने आपापल्या प्रकृतीप्रमाणे वेगळे काही उचलले. हरींद्रनाथ नाट्य आणि काव्य यांच्यातच रमले. कमलादेवी गांधीजींच्या चळवळीच्या ओढीने मायदेशी परतल्या. पुढे १९२९ मध्ये स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी त्या पुन्हा बर्लिनला गेल्या, आणि स्वातंत्र्यानंतर देशातील हस्तकलांना त्यांनी जे जीवदान दिले ते सर्वश्रुत आहे. सुहासिनीबाईंनी मात्र भावाचे विचारच स्वीकारले. त्या मॉस्कोला जाऊन शिकल्या, १९२८ च्या सुमारास मुंबईस आल्या आणि कम्युनिस्ट पक्षाच्या पहिल्या स्त्रीसभासद म्हणून ओळखल्या गेल्या. कामगार चळवळीतील कार्यकर्ते जांभेकर यांच्याशी नंतर त्यांचा विवाह झाला, आणि हैदराबादची ही बंगाली मुलगी सुहासिनी जांभेकर या नावाने मुंबईचीच होऊन गेली. ज्या भावाला ओळखावयास इतकी वर्षे लागली, त्याचा ठसा तिच्यावरच सर्वांत खोल उमटावा, हे विलक्षण खरे.

आणि वीरेंद्रनाथ? १९२७ च्या फेब्रुवारीत ब्रसेल्स येथे साम्राज्यशाहीविरोधी परिषद भरली. तिच्यातून निघालेल्या संघाच्या चिटणिसांत ते होते. जवाहरलाल नेहरू या परिषदेस काँग्रेसचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी वीरेंद्रनाथांविषयी मोठ्या जिव्हाळ्याने लिहिले आहे. कपडे विरलेले, जेवणाची भ्रांत, पण विनोदबुद्धी कधी न सुटलेली, असे त्यांचे वर्णन नेहरू करतात. इतक्या वर्षांनी हा माणूस मायदेशी परतला तर तेथे त्याला कदाचित परकेच वाटेल, आणि तरीही घराची ओढ त्याचे काळीज कुरतडीत राहील, हे नेहरूंनी अचूक ओळखले होते.

वीरेंद्रनाथ परतले नाहीत. १९३१ मध्ये ते सोव्हिएत रशियात गेले. लेनिनग्राड येथील मानववंशशास्त्राच्या संस्थेत त्यांना काम मिळाले, एका विदुषीशी त्यांचा विवाह झाला, आणि आता तरी हा प्रवासी स्थिरावला, असे वाटू लागले. पण स्टालिनच्या दडपशाहीची लाट १९३७ मध्ये सर्वत्र पसरली. त्या वर्षीच्या जुलैत त्यांना अटक झाली आणि २ सप्टेंबर १९३७ रोजी गोळी घालून ठार मारण्यात आले. इंग्रजांच्या हाती जो पस्तीस वर्षे लागला नाही, तो ज्यांना त्याने मित्र मानले त्यांच्याच हातून मेला. मृत्यूची निश्चित तारीख भारतात कित्येक वर्षे कोणालाच ठाऊक नव्हती. त्यामुळे जुन्या ग्रंथांतून वेगवेगळी साले छापलेली आढळतात. ज्याचा जन्मदिवस घराला पाठ होता, त्याचा मृत्युदिन त्याच घराला माहीत नव्हता.

सरोजिनीबाई १९४९ मध्ये, उत्तर प्रदेशाच्या राज्यपाल असताना निवर्तल्या. हैदराबादच्या आबिद्स भागातील त्यांचे निवासस्थान त्यांच्या पहिल्या काव्यसंग्रहाच्या नावाने ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ म्हणून ओळखले जाते. १९७५ मध्ये ती वास्तू हैदराबाद विद्यापीठाच्या स्वाधीन झाली, आणि त्या नव्या विद्यापीठाचे आरंभीचे दिवस तेथेच गेले. सोनेरी उंबरठा, असा त्या नावाचा अर्थ. हा उंबरठा ओलांडून एकाच घराण्यातली माणसे युरोपात गेली. बहीण कविता घेऊन परत आली, धाकटी भावंडे विचार घेऊन परत आली, आणि एकजण आलाच नाही.

आज भावाबहिणीला भेटावयास परदेशी निघालेल्या तरुणाने राजवाडे पाहावेत, चित्रसंग्रह पाहावेत, नद्यांवरचे पूलही पाहावेत. पण पाहावयाची मुख्य गोष्ट ज्याला भेटावयास गेलो तो आहे, हे विसरू नये. परक्या शहरात एकटे राहून तो कसा बदलला, कशाने दुखावला, काय शिकला, हे कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात छापलेले नसते. हरींद्रनाथ आणि सुहासिनी यांना बर्लिनमध्ये पाहावयास मिळाले ते हेच. त्यांच्या दादाजवळ त्यांना दाखविण्यासारखे वैभव काही नव्हते. होती ती विरलेल्या कोटातील हसरी मूर्ती आणि भावंडांसाठी उघडे असलेले दार. घरी परत येण्याचा रस्ता मोकळा असणे, ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे त्या दारातून परतताना त्यांना जितके कळले असेल, तितके क्वचितच कोणा प्रवाशाला कळले असेल.