जुना चेतक, नवा घोडा



आज मी हेलिकॉप्टरविषयी बोलणार आहे म्हटल्यावर आमच्या घरात आधी हशा पिकला. कवी माणूस, शिक्षण बी.ए., सायकलची चेन उतरली तरी शेजाऱ्याला हाक मारणारा. याला इंजिनातलं काय कळणार? खरं आहे. पण मी राहतो नाशिकरोडला. इथे गांधीनगरला सैन्याच्या वैमानिकांना शिकवणारी शाळा २००३ पासून आहे. त्यामुळे सकाळचा चहा आणि चेतकची फटफट या दोन गोष्टी आम्ही बरोबरच घेतो. आवाजावरून चेतक कुठला हे आमच्या गल्लीतली पोरंही सांगतात.

आणि दुसरं कारण घरातलं आहे. माझा धाकटा भाऊ पायदळात होता. नव्वदच्या दशकात एका हिवाळ्यात त्याची नेमणूक सियाचीनला झाली. तिथे एका रात्री त्याच्या फुप्फुसात पाणी भरायला लागलं. उंचीवर होणारा हा आजार माणसाला थांबायला वेळ देत नाही. लवकरात लवकर खाली उतरवणं हाच त्याचा खरा उपाय. चौकीवर आजारी दोघं होते. सकाळी ढग थोडे फाकले आणि एक चीता हेलिकॉप्टर आलं. त्याने पंखा बंद केलाच नाही. वैमानिकाने एक बोट वर केलं. म्हणजे एकच माणूस. दुसऱ्याचं वजन त्या हवेत त्याला पेलणारं नव्हतं. भावाची अवस्था जास्त वाईट, म्हणून त्याला आत घातलं. लगेच हवा बिघडली आणि दुसऱ्या जवानाला पुढच्या दिवसापर्यंत थांबावं लागलं. तोही वाचला, पण पायाची बोटं गमावून. भाऊ सुट्टीवर आला तेव्हा अम्मीने नवस फेडायची गोष्ट काढली. तो एवढंच म्हणाला, ‘‘भाई, त्या गाडीत आणखी साठ किलोची जागा हवी होती रे.’’

तेव्हापासून हे साठ किलो माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

आता ही यंत्रं कुठली ते थोडक्यात सांगतो. चेतक म्हणजे मूळचं फ्रेंच ‘अलुएत तीन’. साठच्या दशकात ते बंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये परवान्यावर बनू लागलं आणि राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव त्याला मिळालं. चीता हे त्याच घराण्यातलं. आपल्या सैन्याला हिमालयासाठी काही हवं होतं म्हणून फ्रेंचांनी ‘अलुएत दोन’च्या हलक्या सांगाड्यावर ‘अलुएत तीन’चं इंजिन आणि पंखा चढवला. १९६९ साली ते पहिल्यांदा उडालं. जून १९७२ मध्ये हेच यंत्र फ्रान्समध्ये १२,४४२ मीटर उंचीवर गेलं. एव्हरेस्टच्याही कितीतरी वर! एप्रिल १९८४ मध्ये सियाचीनच्या बिलाफोंड खिंडीत आपले पहिले जवान उतरले ते चीतामधूनच.

एवढं गुणी यंत्र, मग बदलायचं कशाला? कारण गुण आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रचना पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. इंजिन एकच. आजच्या वैमानिकाला ढगात वाट दाखवणारी साधनं त्यात नाहीत. आणि माणसं जात राहिली. १ ऑक्टोबर २०१४ रोजी बरेलीला चीता कोसळून तीन अधिकारी गेले. मार्च २०२२ मध्ये गुरेझला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तवांगजवळ, मार्च २०२३ मध्ये बोमडिलाजवळ. प्रत्येक अपघाताचं कारण यंत्राचं वयच होतं असं मी म्हणणार नाही, डोंगरातली हवा कुणाचंच ऐकत नाही. पण बरेलीनंतर सैनिकांच्या पत्नी एकत्र आल्या आणि ही हेलिकॉप्टरं थांबवा, असं त्यांनी त्या वेळचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापुढे मांडलं. त्यांचं ऐकताना मला अम्मी आठवली.

मग निवड का झाली नाही? श्रोतेहो, निवड झाली. पुन्हा पुन्हा झाली. या शतकाच्या सुरुवातीला १९७ हलकी हेलिकॉप्टरं घ्यायची ठरलं. फ्रेंच ‘फेनेक’ आणि अमेरिकन ‘बेल ४०७’ यांच्यात चुरस लागली. चाचणीला आणलेलं यंत्र आणि देऊ केलेलं यंत्र एकच नाही, असा आक्षेप आला आणि डिसेंबर २००७ मध्ये सगळं रद्द झालं. पुन्हा निविदा निघाली. आता ‘फेनेक’समोर रशियन ‘कामोव्ह २२६’ होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये तेही रद्द. डिसेंबर २०१५ मध्ये रशियाशी करार झाला की दोनशे कामोव्ह घ्यायची, त्यातली बरीचशी इथेच बनवायची. किंमत किती आणि इथले सुटे भाग किती, यावर ते घोडं अडलं ते अडलंच.

दरम्यान आपल्या लोकांनी स्वतःचं हलकं हेलिकॉप्टर बनवलं. सप्टेंबर २०१६ मध्ये ते उडालं, २०२० मध्ये लडाखच्या उंचीवर तपासलं गेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकात तुमकुरूला त्याच्यासाठी मोठा कारखाना उघडला. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आणखी दोनशे हलक्या हेलिकॉप्टरांसाठी कंपन्यांकडे विचारणा केली, १२० सैन्याला आणि ८० हवाई दलाला. आकडा बघा. पहिल्या निविदेत १९७, आता दोनशे.

यात नुसता सरकारी सुस्तपणा आहे असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण प्रश्नच अवघड आहे. वर हवा विरळ. पंख्याला रेटायला हवा कमी, इंजिनाला जाळायला प्राणवायू कमी. जमिनीवर पाच माणसं उचलणारं यंत्र तिथे रॉकेलचा एखादा कॅन घेऊन धापा टाकतं. सुरक्षितता हवी म्हणून दुसरं इंजिन लावा, वजन वाढलं. नवी उपकरणं लावा, वजन वाढलं. जुना चीता वर टिकला तो अंगावर फार काही नाही म्हणूनच. थोडक्यात, जे यंत्र वैमानिकाला जास्त सांभाळतं, ते चौकीवरच्या आजारी माणसाला कमी उचलू शकतं. या दोघांत कुणाला किती द्यायचं, हे कागदावर लिहिणाऱ्याचा हात थरथरला तर मला नवल वाटणार नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेच्या हवाई दलात १९७० पासून ‘ह्युई’ हेलिकॉप्टरं अण्वस्त्रांच्या क्षेपणास्त्रतळांवर पहारा देत होती आणि राजधानीत अधिकाऱ्यांची ने-आणही करत होती. त्यांच्या जागी कोण, याची निवड सप्टेंबर २०१८ मध्ये झाली. एका इटालियन रचनेवर बेतलेलं ‘एमएच १३९’. मोंटाना राज्यातल्या तळावर त्यातलं पहिलं पोचलं मार्च २०२४ मध्ये. म्हणजे सधन देशालाही अर्धं शतक लागलं, आणि तिथे आपल्यासारखा वीस हजार फुटांचा प्रश्नही नव्हता.

माझे आजोबा बैलबाजारात जायचे तेव्हा त्यांच्या दोन गोष्टी ठरलेल्या असत. बैल नांगराला हवा की गाडीला, हे घरूनच ठरवून निघायचं. नांगराला चालेल, गाडीला पळेल, शर्यतीतही नंबर आणेल आणि स्वस्तातही मिळेल, असा बैल शोधणारा संध्याकाळी रिकाम्या हाताने परततो. आणि दुसरी गोष्ट, जुना बैल थकायच्या आधी बाजाराला जायचं. तो नांगरात बसल्यावर गेलं तर व्यापारी आपला चेहरा वाचतो.

आमच्याकडे यातली दुसरी गोष्ट राहून गेली. चौकशी व्हायला हवीच, घोटाळ्याला वाव नको हेही खरं. पण निविदा रद्द करताना पैसे किती वाचले याचा हिशेब लिहिला जातो. पुढची वर्षं त्या जुन्या यंत्रात कोण बसणार, याचा रकाना त्या कागदावर नसतो. तो असावा, एवढंच माझं मागणं आहे. ज्याने निर्णय पुढे ढकलला, त्याने त्या रकान्यात सही करावी.

भाऊ आता निवृत्त आहे. सकाळी गच्चीवर पाखरांना दाणे टाकतो. चेतक आला की मान वर करून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहतो. परवा मी त्याला म्हटलं, ‘‘आता बदलणार म्हणतात हे.’’ तो म्हणाला, ‘‘बदलू दे भाई. पण नवं येईपर्यंत रोज कुणीतरी यात बसणारच आहे ना?’’ आणि उरलेले दाणे त्याने कठड्यावर पसरले.