मशेरीची डबी आणि आत्याचं नाव



अध्यक्षाने आरंभी आपल्या अपात्रतेबद्दल दोन शब्द बोलायची रीत आहे. माझ्या बाबतीत ती रीत नसून वस्तुस्थिती आहे. मी पॅथॉलॉजिस्ट. आयुष्यभर माणसापेक्षा माणसाचा तुकडा जास्त पाहिला. फॉर्मालिनच्या बाटलीतून यायचा, बाटलीवर नाव आणि वय, बास. अशा माणसाला माणसांविषयी बोलायला उभं केलंत, याचा दोष संयोजकांचा. पण डॉक्टर, परिचारिका आणि आशाताईंचं हे संमेलन बार्शीत आहे म्हटल्यावर मला नाही म्हणवलं नाही. का, ते पुढे येईलच.

रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक दोनपैकी एक वाक्य बोलतात. ‘डॉक्टर, आमच्यात तर कुणालाच नाही, मग हिलाच कसा?’ नाहीतर, ‘आमच्या घराण्यातच आहे हो, आता काय करणार!’ दोन्ही वाक्यांत गृहीत एकच आहे : कॅन्सर एकतर रक्तातून येतो, नाहीतर बाहेरून. माझं म्हणणं असं, की ही वाटणीच खोटी आहे. आईवडलांकडून आपल्याला नुसती जनुकं मिळत नाहीत. मशेरीची डबीही मिळते.

या भागात कुणी मिसरी म्हणेल. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची. खकाणा उठतो, सगळं घर ठसकतं. मग ती चुरून डबीत भरायची आणि सकाळी चुलीपुढे बसून बोटाने दातांना, हिरड्यांना लावत राहायची. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असं त्या बाया सांगतात. सासूचं पाहून सून लावते, आईचं पाहून लेक. तीन सख्ख्या बहिणींना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर झाला, तर शिकाऊ डॉक्टर केसपेपरवर ‘कौटुंबिक इतिहास : आहे’ लिहून मोकळा होतो. खोटं नाही ते. पण त्या कुटुंबातून नेमकं काय उतरत आलं, हे त्या ओळीतून कळत नाही.

ते कळायचं तर माणसापाशी जाऊन बघावं लागतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गेले. १९७२ साली त्यांचा जो निबंध छापून आला, त्याच्या शीर्षकातच आकडा आहे : १,०१,७६१ ग्रामस्थ. एवढ्या लोकांना तोंड उघडायला लावून आत बघितलं. शेवटचा तो एक मला फार आवडतो. लाखावरचे सुटे ज्यांनी सोडले नाहीत, त्यांच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

त्याच्याही आधी डॉ. वसंत रामजी खानोलकर. टाटा स्मारक रुग्णालय परळला १९४१ साली सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. पुढे १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालं, त्याचे ते पहिले संचालक. मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी त्यांचा आणखी एक निबंध आला, चालीरीती आणि कर्करोग यांच्या संबंधावर. त्यात तीन नमुने होते. आंध्राच्या किनाऱ्यावर चुट्टा, म्हणजे जाडा चिरूट, पेटती बाजू तोंडात धरून ओढतात, त्याने टाळूला होणारा कॅन्सर. खालच्या ओठामागे खैनी धरून ठेवणाऱ्यांचा, नेमका तिथेच होणारा. आणि तिसरा धोतराचा. होय, धोतराचा. कमरेला काचा करकचून आवळायचा, वर्षानुवर्षं त्याच जागी. कातडी काळवंडते, जाड होते, चिरते, आणि काही जणांत त्याच रेषेवर कॅन्सर धरतो. पुढे परकराच्या नाडीखालीही तसेच रुग्ण सापडले. त्या काळी खानोलकरांना जनुक वाचण्याची सोय नव्हती. रोग्याला त्यांनी विचारलं काय, तर तू कमरेला काय बांधतोस आणि तोंडात काय धरतोस.

आता एक उंदरांची गोष्ट. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत उंदरांची काही वाणं अशी होती, की त्यांतल्या माद्यांना पिढ्यान्‌पिढ्या स्तनाचा कॅन्सर व्हायचा. आनुवंशिकतेचा याहून शुद्ध नमुना कोणता? १९३६ साली जॉन बिटनर यांनी त्या वाणाची पिल्लं जन्मतःच उचलून दुसऱ्या, निरोगी वाणाच्या माद्यांच्या अंगावर पाजली. त्या पिल्लांत कॅन्सर एकदम कमी झाला. रक्तातलं वाटत होतं, त्यातलं पुष्कळसं दुधातून जात होतं. पुढे तो विषाणू निघाला. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत खानोलकरांच्या हाताखाली उंदरांच्या याच कॅन्सरवर काम केलं, १९४९ साली पीएच. डी. मिळवली आणि पुढे पेशी काचेत वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. अनुवंश, संप्रेरकं आणि विषाणू ही तिन्ही एकत्र कशी वागतात, हा त्यांचा विषय होता. (आशाताईंनी गैरसमज करून घेऊ नये, आणि गावात तर मुळीच पसरवू नये : ही उंदरांची गोष्ट. माणसात अंगावर पाजणाऱ्या आईला स्तनाच्या कॅन्सरचा धोका उलट कमी होतो.)

मग आनुवंशिक असं काही नाहीच का? आहे. चांगलं दणदणीत आहे. लहान मुलाच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसते, तो डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. आल्फ्रेड नड्सन यांनी १९७१ साली अशा अवघ्या ४८ मुलांच्या नोंदी घेऊन नुसता हिशेब मांडला. काही मुलांना तो फार लवकर होतो आणि बहुधा दोन्ही डोळ्यांत. काहींना उशिरा आणि एकाच डोळ्यात. असं का? दाराला दोन कड्या आहेत असं समजा. दोन्ही निघाल्या की चोर आत. बहुतेकांच्या दोन्ही कड्या जन्मतः लागलेल्या असतात. त्या एकाच पेशीत, एकीमागून एक, आयुष्याच्या ओघात निघाव्या लागतात. काही मुलं मात्र प्रत्येक पेशीत एक कडी निघालेलीच घेऊन जन्माला येतात. म्हणजे वारशाने आलेली असते ती एक उघडी कडी, रोग नव्हे. दुसरी कोण काढतं? तंबाखू काढते, विषाणू काढतो, ऊन काढतं, आणि पेशी दुभंगताना होणारी साधी नक्कलचूकही काढते.

स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरमधलं बीआरसीए-१ हे जनुक गुणसूत्र १७ वर आहे, हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवलं आणि १९९४ साली ते हाती लागलं. त्यात बिघाड असलेल्या शंभर बायकांपैकी साधारण सत्तर जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होतो. फार मोठा आकडा आहे. पण उरलेल्या तीस जणींनाही तेच जनुक मिळालेलं असतं. आणि सगळ्या कॅन्सरांत असा ठळक वारसा असलेले पाच ते दहा टक्केच. स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडमधल्या ४४,७८८ जुळ्या जोड्यांचा अभ्यास २००० साली आला. हुबेहूब जुळ्यांतसुद्धा एकाला झालेला कॅन्सर दुसऱ्याला बहुतेक वेळा झालेला नव्हता.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. वीसेक वर्षं झाली. पस्तिशीच्या आतल्या एका बाईची स्तनाची गाठ माझ्याकडे आली. सोबतच्या कागदावर ‘घरात कुणाला नाही’. मीही पुढे विचारलं नाही. दोन वर्षांनी तशीच एक गाठ, तशाच वयाची बाई, आडनाव वेगळं, गाव वेगळं. दोघींच्या काचपट्ट्या शेजारी ठेवाव्यात असं मला कधी सुचलंही नसतं. सुचलं ते बाहेरच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यामुळे. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मला बघून उठून उभा राहिला, म्हणाला, ‘मागं लेकीला घेऊन आलो होतो साहेब, आता भाचीला घेऊन आलोय.’ पहिलीचा बाप, दुसरीचा मामा. आणि या दोघींमधला दुवा, म्हणजे पहिलीची आत्या आणि दुसरीची आई? ती म्हणे ‘पोटात पाणी होऊन’ गेली होती, पंचेचाळिशीत. बीजकोशाचा असणार, तेव्हा कुणी नाव दिलं नव्हतं. तो म्हातारा स्वतः खणखणीत. पण कडी त्याच्यामार्फतच लेकीकडे आली होती.

‘घरात कुणाला नाही’ हे त्या बाईने खोटं सांगितलं नव्हतं. आत्या लग्न होऊन गेली की तिचं आडनाव बदलतं, घर बदलतं, आणि दुखणंही त्या घरचं होतं. माहेरच्या आठवणीत ती भाऊबीजेपुरती उरते. त्यात बापाकडून स्तनाचा कॅन्सर कसा येईल, अशी डॉक्टरांचीही समजूत. खरं तर या कामाला मराठीसारखी भाषा नाही. इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच शब्द. आपण आत्या, मावशी, काकू, मामी असं सरळ निवडून ठेवलंय. आत्या, मावशी रक्ताच्या. काकू, मामी नाहीत. पेशंट म्हणते, ‘काकूलाही होता’, तर ती काकू आपल्या हिशेबात धरायची नाही. मात्र थांबा : आपल्याकडे दोन सख्ख्या बहिणी एका घरात जावा म्हणून येतात, तेव्हा काकू हीच मावशीही असते. आणि आते-मामे लग्नांच्या या मुलखात तर गुंता विचारूच नका. म्हणून विचारायचं, आणि वंशावळ काढायची. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, तीन पिढ्या. पंधरा मिनिटं लागतात. ‘पोरीच्या लग्नात अडचण येईल’ म्हणून लोक लपवतात, त्याची आणखी पंधरा.

बार्शीला यायचं का कबूल केलं, ते आता सांगतो. देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ साली डॉ. जस्सावाला यांनी सुरू केली. ग्रामीण भागातली पहिली इथे, नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयात, १९८७ साली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. शहरात रुग्णालयांच्या वह्या चाळल्या तरी पुष्कळ सापडतं. इथे बाई गाठ घेऊन घरीच मरायची. म्हणून नोंदणीची माणसं गावागावांत फिरली, पारावर बसली, कुणाला गाठ आहे, कुणाला अंगावरून जातंय, विचारत राहिली. त्या वह्यांतून निघालं ते असं : इथल्या बायकांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर पहिला, आणि स्तनाचा मुंबईपेक्षा कितीतरी कमी. कुर्डुवाडीला सिद्धेश्वर पकडून पहाटे दादरला उतरलेल्या मुलीची जनुकं रात्रीतून बदलत नाहीत. बदलतं ते लग्नाचं वय, मुलांची संख्या, अंगावर पाजण्याचे महिने, जेवण, चालणं.

मुंबईच्या नोंदणीत पारशी बायकांत स्तनाचा कॅन्सर सर्वांत जास्त दिसला. लगेच कुणी म्हणेल, आपापसांत लग्नं करणारा समाज, रक्तातच असणार. असेलही काही. पण त्याच समाजात लग्नं उशिरा, मुलं कमी. रक्त आणि रीत एकाच गाठोड्यात बांधलेली आहेत.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर हा तर मुख्यतः एचपीव्ही या विषाणूचा. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला : या विषाणूची एकच तपासणी, एकदाच, आणि त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर. इथल्या बायकांनी हे जगाला शिकवलं. इथे बसलेल्या आशाताईंपैकी काहींच्या सासवा त्यांत असतील.

प्रदूषणाबद्दल बोलल्याशिवाय मला कुणी खाली बसू देणार नाही. एक मुलगा माझ्यासमोर बसला होता, तेवीस वर्षांचा. तिखट सोसत नाही, तोंड उघडत नाही. धडधाकट माणसाच्या तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात. याच्या दीडही मावेनात. गाल आतून ताठ, पांढरे, जुन्या चामड्यासारखे. वडील विचारत होते, ‘भाज्यांवरच्या फवारणीनं झालं का हो?’ आणि पोराच्या शर्टाच्या खिशात माव्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पुडी. नुसती सुपारीसुद्धा, तंबाखूशिवाय, कॅन्सर करते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वीस वर्षांपूर्वीच जाहीर केलं. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच किरणोत्सार आहे. लोक घाबरून होते. तिथे सत्तर हजारांच्या आसपास माणसांचा पाठपुरावा केला, आणि त्या किरणोत्सारामुळे कॅन्सर वाढल्याचं आढळलं नाही. भीतीचं मोजमाप झालं की असं होतं.

पण म्हणून त्या वडलांना मी हसलो नाही. कारण फवारणीचा प्रश्न धसाला लावायचा तर हातात काय आहे? केसपेपरवर ‘व्यवसाय : शेती’. फवारा पाठीवर घेणाराही शेती, आणि ज्याची जमीन वाट्याने दिलीय तो पुण्यातला मालकही शेती. बायकांच्या पुढे तर ‘घरकाम’. मग ती विडी वळत असो की चुलीच्या धुरात वीस वर्षं काढलेली असो. खानोलकरांनी धोतराच्या काच्याबद्दल विचारलं, त्याला ऐंशी वर्षं झाली. आज आपण गाठीच्या पेशीतली अक्षरं वाचतो आणि रोग्याच्या हाताला रोज काय लागतं, ते विचारत नाही. परीक्षानळीत पैसा ओततो, रकान्यात शाई घालत नाही. याचा मला राग आहे. तो या व्यासपीठावरून नोंदवतो, स्वतःलाही त्यात धरून.

तेव्हा अध्यक्ष म्हणून ठराव वगैरे मांडत नाही, एक विनंती करतो. उद्या सोमवार. नऊला ओपीडी उघडेल. पहिला जो पेशंट समोर बसेल, त्याच्या केसपेपरवर व्यवसाय नीट विचारून लिहा, तोंडात काय धरतो ते लिहा, आणि खाली थोडी जागा ठेवून त्याच्या आत्यांची नावं लिहा, त्या कशाने गेल्या तेही.